शिळी होणारी विद्या

विद्या हे न झिजणारे धन, असे आपल्या जुन्या घरांतून शिकविले गेले. संगणक-व्यवसायातील तरुणांची विद्या मात्र काही वर्षांतच शिळी ठरते. ती ताजी ठेवण्याचा भार कोणी वाहावा, हा प्रश्न आम्हांस नैतिक वाटतो. सरकारी सेवेत प्रशिक्षणाचा काळ कर्तव्यकाळ गणला जातो. या तरुणांना पुष्कळदा नवे तंत्र शनिवार-रविवारी, घरच्यांच्या वाट्याच्या वेळातून शिकावे लागते.

शिवाय शिळे ठरविले कोणी? कोबोल ही 1960 सालची संगणकभाषा. 2000 साल उजाडण्यापूर्वी दोन-अंकी वर्षांचा घोळ निस्तरण्यास ती जाणणाऱ्यांना केवढी मागणी होती! पुढे तीच जुनाट म्हणून हिणविली गेली. परंतु एप्रिल 2020 मध्ये, महामारीत बेकारभत्त्याच्या अर्जांचा लोंढा आला तेव्हा, अमेरिकेतील न्यू जर्सीच्या गव्हर्नरांना कोबोल जाणणारे स्वयंसेवक जाहीरपणे मागावे लागले. स्वयंसेवक, बरे का!

शिकण्याचे काही तास मालकाने कामाच्याच तासांत धरावेत, असे आमचे मत आहे. त्या शिकण्याचा पहिला लाभ त्यालाच होतो. शिकलेला माणूस दुसरीकडे जाईल, ही त्याची भीती खोटी नाही. पण त्याच्याकडे येणारा अनुभवी माणूसही दुसऱ्या कुणाच्या तरी खर्चानेच शिकून आलेला असतो.