यदृच्छा आणि स्वामित्व

बिटकॉइनचे धन ज्या खासगी किल्लीने उघडते, ती किल्ली म्हणजे केवळ एक संख्या होय. अशा किल्ल्या किती संभवतात हे मोजू गेल्यास ७८ आकडी संख्या हाती येते. एकेक संख्या ताडून पाहणाऱ्या यंत्राला हा विस्तार पार करणे अशक्य. मात्र संख्या खरोखरच यदृच्छेने निवडलेली हवी. माणूस नेमका येथेच उणा पडतो, कारण त्याला अर्थ हवा असतो. कवितेच्या ओळीपासून किल्ली घडविणारे रसिक (रसिकतेची ही शिक्षा विलक्षणच) लुटले गेले. २०१३ मध्ये अँड्रॉइडच्या संख्यानिर्मितीतील दोषाने यंत्रेही तशीच फसली.

२०१५ मध्ये कोणा अज्ञाताने क्रमाने कठीण होत जाणाऱ्या २५६ किल्ल्यांमागे सुमारे ३३ बिटकॉइन ठेवले. तेथे संख्या ताडणारा स्पर्धक ठरतो. इतरांच्या किल्ल्या धुंडाळताना तोच चोर. गणित दोहोंकडे एकच. संख्या कोणाच्या मालकीची नसते, हा त्याचा बचाव खोटा नाही. पण तो अपुरा आहे. संख्येआडचे धन कोणीतरी साठविलेले असते. शिवाय ते दैवाने लाभले असे म्हणणाऱ्याने शोध दैवावर सोडलेला नसतो. त्यासाठी त्याने अहोरात्र यंत्र चालविलेले असते.