विष्णुक्रांता आणि मनाची शांती

नाशिकहून त्र्यंबकेश्वराकडे जाताना, पावसाळ्याच्या अखेरीस, मुरमाड माळावर विष्णुक्रांता जमिनीसरशी पसरलेली आढळते. लव असलेली बारीक पाने आणि सकाळी उमलून दुपारपर्यंत मिटणारी इवलीशी निळी फुले ही तिची ओळख. अनेक वैद्य तिलाच शंखपुष्पी मानतात (उत्तरेत त्या नावाने वेगळीच वनस्पती चालते), आणि चरकसंहितेने शंखपुष्पीचा कल्क, म्हणजे वनस्पती वाटून केलेला गोळा, मेध्य रसायनांत, म्हणजे बुद्धी व स्मृतीला बळ देणाऱ्या द्रव्यांत, विशेष मानला आहे.

पाल्याने मन निवत असेल, तर त्या शांतीला आध्यात्मिक मोल उरते काय, हा प्रश्न सांख्यांना अडचणीचा वाटणार नाही, कारण त्यांच्या मते मन हे पुरुषाचे, म्हणजे शुद्ध चैतन्याचे, अंग नसून प्रकृतीचे, म्हणजे मूळ जडतत्त्वाचे, कार्य आहे. छांदोग्य उपनिषदही मन अन्नापासून घडते असेच मानते. पतंजली तर योगसूत्रांच्या चौथ्या पादाच्या आरंभी, सिद्धींची कारणे सांगताना, औषधीला मंत्र व तप यांच्या पंक्तीस बसवतो, परंतु चित्तवृत्तींच्या निरोधासाठी पहिल्या पादात भर देतो तो अभ्यास आणि वैराग्य यांवर. बाटलीवर ‘मनःशांती’ छापणारे हा भेद सोयीस्करपणे विसरतात. औषधी साधनेची पूर्वतयारी ठरू शकते, पर्याय नव्हे. शिवाय अपस्मारावर फेनिटॉइन घेणाऱ्याने शंखपुष्पीयुक्त औषध डॉक्टरांना विचारल्यावाचून घेऊ नये, कारण त्याने रक्तातील फेनिटॉइनचे प्रमाण घटून झटके पुन्हा येऊ शकतात.