पोकळीचे कारण

पोकळ सूक्ष्मकण बनवण्याची रुळलेली रीत अशी आहे. आधी एक भरीव गोळी घ्यायची, तिच्यावर हव्या त्या पदार्थाचे कवच चढवायचे आणि मग आतली गोळी विरघळवून किंवा जाळून टाकायची. गोळी म्हणजे साचा, आणि हा साचा खर्ची घालण्यासाठीच असतो. १९९८ मध्ये जर्मनीतील माक्स प्लांक संस्थेत फ्रँक कारूसो आणि सहकाऱ्यांनी सुमारे ६४० नॅनोमीटर व्यासाच्या पॉलिस्टायरीनच्या गोळ्या घेतल्या. त्यांच्यावर धनभारित पॉलिमर आणि ऋणभारित सिलिकाचे बारीक कण यांचे थर एकाआड एक बसवले. प्रत्येक थरानंतर जादा माल धुऊन काढला. शेवटी ५०० अंश सेल्सिअसला तापवल्यावर गोळी आणि थरांमधला पॉलिमर दोन्ही जळून गेले आणि सिलिकाचे पोकळ गोल हाती आले.

कवच कशाचे झाले, हे सहज सांगता येते. पोकळी कशाची झाली, हे सांगणे अवघड आहे. भारतीय तर्कपरंपरेने हा प्रश्न फार गांभीर्याने हाताळला आहे. उत्तरकालीन वैशेषिकांनी अभावाला स्वतंत्र पदार्थ मानले आणि त्याचे चार प्रकार केले. त्यांतले दोन इथे लागू पडतात. गोळी चढत्या कवचाआड शाबूत होती तोवर पोकळीचा प्रागभाव होता. त्याला आरंभ नाही, पण अंत आहे. गोळी जळाल्यावर तिचा प्रध्वंसाभाव आला. त्याला आरंभ आहे, अंत नाही. तीच गोळी पुन्हा कधीच होणार नाही. अद्वैताची मांडणी याहून वेगळी आहे. गौडपादांच्या मांडूक्यकारिकेत घटातले आकाश आणि बाहेरचे आकाश मुळात एकच मानले आहे. भेद घटामुळे भासतो. त्या मताने पाहिले तर भट्टीत पोकळी निर्माण झालीच नाही, आकाशाला फक्त एक भिंत मिळाली. आकाशापुरते हे मत अचूक आहे. पण पोकळी नेमकी ६४० नॅनोमीटरच्या आसपास का, याचे उत्तर त्यात मिळत नाही. त्यासाठी नष्ट झालेल्या गोळीकडेच जावे लागते.

मग नाश हेच पोकळीचे कारण म्हणायचे का? न्यायसूत्रांच्या चौथ्या अध्यायात नेमका असा पूर्वपक्ष येतो: बी मोडल्याशिवाय अंकुर फुटत नाही, म्हणून अभावातूनच भाव उपजतो. सिद्धांत्याचे उत्तर असे, की नाश अंकुराच्या आधी घडतो एवढेच. जे उरलेच नाही ते काही घडवू शकत नाही. वात्स्यायनांनी या सूत्रांवरील भाष्यात पुढचा दुवा दिला आहे. बियाचे अवयव जुनी रचना सोडून नवी धारण करतात आणि त्यातून अंकुर होतो.

या वादाची खरी कसोटी पाहणारा प्रयोग २००२ चा आहे. युगांग सन आणि युनान शिया यांनी सिएटलमध्ये चांदीच्या सूक्ष्म घनांच्या उकळत्या द्रावणात सोन्याचा क्षार घातला. इथे कवच आधी चढवून साचा नंतर काढायचा, असा क्रमच नाही. चांदी विरघळते तेव्हाच सोने बसते, आणि विरघळते म्हणूनच बसते. सोन्याचा एक अणू जमायला तीन इलेक्ट्रॉन लागतात. चांदीचा अणू एकच देतो. म्हणून तीन अणू जातात तेव्हा एक येतो. दोन्ही धातूंचे अणू आकाराने जवळपास सारखे असल्याने आत जागा रिकामी होत जाते. सुरुवातीला घनाच्या पृष्ठावर एक बारीक छिद्र पडते, त्यातून चांदी बाहेर पडत राहते, आणि घनाच्या आकाराची सोनेरी पेटी तयार होते. पूर्वपक्षाला याहून चांगला दाखला मिळणे कठीण. तरीही वात्स्यायनांचे म्हणणे टिकते, किंबहुना इथे ते अधिक स्पष्ट होते. सोने जमवणारे इलेक्ट्रॉन चांदीच्या असलेल्या अणूंनी दिले. चांदीच्या नसण्याने काहीच दिले नाही. घन मोडला, त्याचे अवयव मोडले नाहीत. ते क्लोराइड होऊन द्रावणात गेले.

अवयवी म्हणजे अखंड वस्तू आणि अवयव म्हणजे तिचे घटक, हा भेद प्रयोगशाळेत रोज जाणवतो. मेलामाइन-फॉर्मल्डिहाइडच्या गोळ्या आम्लात विरघळतात, पण त्यांचे काही तुकडे कवचाच्या जाळीत अडकून राहतात. गोळी नष्ट झालेली असते, तिचा पदार्थ गेलेला नसतो. औषध भरायच्या कवचात ही अडचण मोठी असते. म्हणून पुष्कळदा कॅल्शियम कार्बोनेटचा साचा घेतात. ईडीटीए या रसायनाने तो सौम्यपणे विरघळतो आणि आयन सहज बाहेर पडतात.

राहतो प्रश्न ज्ञानाचा. आत काही नाही, हे कळते कसे? नैयायिकांच्या मते अभाव प्रत्यक्षाने कळतो. कुमारिल भट्टांनी त्यासाठी अनुपलब्धी हे वेगळे प्रमाण मानले. पारगामी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात पोकळ गोलाची कड गडद आणि मध्य फिका दिसतो. कडेशी इलेक्ट्रॉनांना अधिक पदार्थातून जावे लागते, त्यावरून आत पोकळी आहे असे ठरते. हे अनुमान झाले. फुटलेले कवच क्रमवीक्षण सूक्ष्मदर्शकाखाली आले, तर त्याची आतली भिंत दिसते, आणि तिथे मात्र नैयायिकांचे प्रत्यक्ष लागू होते.