खाली उतरणारी वास्तू



भोपाळच्या सद्भक्तांच्या आग्रहाने आमचे तिकडे जाणे झाले. 'स्वामीजी, शहरातील सर्वांत नामांकित इमारत दाखवतो,' म्हणून त्यांनी आम्हांस श्यामला टेकडीवर नेले. आम्ही मान वर करून शोधू लागलो. इमारत दिसेना! ती आमच्या पायांखाली होती.

हेच भारत भवन. वास्तुशिल्पी चार्ल्स कोरिया. १३ फेब्रुवारी १९८२ रोजी इंदिरा गांधी यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. माथ्यावरून आत शिरावे, गच्चीवरच्या बागेतून चालावे आणि पायऱ्यांनी खालच्या चौकांत उतरावे. दालने त्या चौकांभोवती, टेकडीच्या कुशीत. समोर मोठा तलाव.

कोरियांना उंच बांधता येत नव्हते काय? मुंबईतील कांचनजंगा ही २८ मजली इमारत त्यांचीच. ती १९८३ साली पूर्ण झाली. ज्याला चढता येते, त्याने आपण होऊन उतरावे, याचे नाव विनय. असमर्थाचे वाकणे निराळे.

आत आदिवासी कलावंतांची चित्रे नामवंत शहरी चित्रकारांच्या बरोबरीने मांडली आहेत. पाटणगढचे गोंड चित्रकार जनगढसिंह श्याम येथूनच पुढे जगाला माहीत झाले. आम्हांस कल्याणचा अनुभवमंटप आठवला. तेथे मंत्री बसवण्णा, नावाडी चौडय्या आणि दोर वळणारे चंदय्या एकाच पातळीवर बसत.

आता मनातले सांगतो. आपल्या मठाचे शिखर पंचक्रोशीत सर्वांत उंच असावे, असा काही भक्तांचा आग्रह आहे. त्यासाठी देणग्याही जमल्या आहेत. दोष केवळ त्यांचा नाही. ती हाव आमच्याही मनात शिरली होती. नकाशा पाहताना आम्ही दोनदा म्हणालो, 'अजून थोडे उंच करा.'

त्या पायऱ्या उतरताना आमची आम्हांसच लाज वाटली. बसवण्णांनी स्थावरापेक्षा जंगमाला थोर मानले, हे आम्ही तुम्हांस वर्षानुवर्षे सांगतो. इष्टलिंग तळहातावर असते. त्याच्या दर्शनाला मान उंच करावी लागत नाही. मग आम्ही उंची कोणासाठी मोजत होतो?

शिखराचे काम आम्ही थांबविले आहे. तो निधी दासोहाला आणि विद्यार्थ्यांच्या निवासाला लावावा, अशी आमची इच्छा आहे. पण पैसा तुमचा आहे. तुमच्या संमतीवाचून एक रुपयाही वळविणार नाही. ज्यांना राग येईल त्यांनी मठात येऊन समोर बोलावे. आम्ही आसन सोडून खाली, तुमच्याबरोबर सतरंजीवर बसू.

शरणु शरणार्थी.