ड्यूटीवर जाण्याआधी

देवा, हुडकेश्वरातल्या या दोन खोल्यांच्या घरात दिवा लावून तुझ्यापुढे हात जोडते. थोड्या वेळानं म्हाळगीनगर चौकातून गाडी काढीन, वॉर्डात शिरीन, आणि मग तुझं नाव घ्यायला सवड मिळेलच असं नाही. मागायचं ते आत्ताच मागते.

मार्च २०२० मध्ये नागपुरात कोरोनाचा पहिला रुग्ण सापडला, तेव्हापासून आम्ही वॉर्डातल्यांनी काय सोसलं ते तू पाहिलंस. एप्रिल २०२१ मध्ये शहरात खाटा पुरेनात. पीपीई किट घातल्यावर पाणी प्यायची सोय नाही, लघवीला जायची नाही. पाळी आली तरी तसंच उभं राहायचं. हातमोजे काढले की घामाचं पाणी ओतावं लागे. ते कष्ट आम्ही तुझी सेवा म्हणून केले, त्याबद्दल गाऱ्हाणं नाही.

गाऱ्हाणं वेगळं आहे. सुट्टी मागितली की ऐकावं लागे, "जायचं तर जा, दारात रांग आहे." पगारातून पैसे कापले गेले. का, ते विचारलं तर सगळ्या वॉर्डासमोर अक्कल काढली. रुग्ण दगावला की नातेवाईक अंगावर येत, आणि वरचे साहेब केबिनचं दार लावून घेत. लाट ओसरल्यावर कंत्राटावरच्या पोरींना एका दिवसात घरी पाठवलं.

देवा, २२ एप्रिल २०२० ला सरकारनं वटहुकूम काढला. आमच्यावर हात उगारणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत, जबर दुखापत केली तर सात वर्षांपर्यंत तुरुंग. शिवाय त्या वेळी कोरोनाच्या ड्यूटीत जीव गेला तर घरच्यांना ५० लाखांचा विमा होता. या दोन्हींसाठी मी ऋणी आहे. पण जी जगली आणि जिला आजही मॉनिटरचा आवाज झोपेतून उठवतो, तिचं काय? आपल्याच माणसांनी रोज केलेल्या अपमानाची जखम कोणत्या केसपेपरवर लिहायची?

म्हणून देवा, खुर्चीवर बसलेल्यांना कान दे. ड्यूटी लावताना त्यांना यादीतलं नाव दिसतं, त्यामागची बाईही दिसू दे. आमच्या आशाताई घरोघरी ताप आणि ऑक्सिजन मोजत फिरल्या. त्यांना १५ जून २०२१ पासून संपावर जावं लागलं, तेव्हा कुठं महिन्याला हजाराची वाढ आणि पाचशे रुपये कोविड भत्ता मान्य झाला. हक्काच्या पैशासाठी कुणावरही रस्त्यावर बसायची पाळी आणू नकोस.

ज्या सिस्टर, ब्रदर, डॉक्टर, मावशी आणि सफाईचे मामा आतून खचले आहेत, त्यांना एकटं सोडू नकोस. बाथरूममध्ये नळ सोडून रडणाऱ्या पोरीला कुणीतरी खांद्यावर हात ठेवून विचारू दे, "काहून रडतेस वो बाई? बस, चहा घे." उपचार घेणं म्हणजे वेड लागणं नव्हे, हे तिच्या सासरच्यांना पटू दे. मनाच्या दुखण्यासाठी असलेल्या टेलिमानस हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फिरवायला तिच्या बोटांत बळ दे, आणि ती बोलली म्हणून तिची नोकरी जाऊ देऊ नकोस.

माझ्यासाठी एवढंच माग​णं. वरून आलेला अपमान मी खालच्या माणसाकडे ढकलू नये. नव्यानं लागलेल्या पोरीचा हात सलाइन लावताना थरथरला, तर मी तिला शिकवावं, झिडकारू नये. कुणा पोरीचा छळ होताना दिसला तर मला गप्प बसू देऊ नकोस. तक्रारीच्या कागदावर तिच्या सहीखाली माझी सही करायची हिंमत दे.

पुढची साथ येईल तेव्हा मागच्या साथीसारख्या आमच्यासाठी थाळ्या वाजल्या नाहीत तरी चालेल. वेळेवर पगार, पोटभर झोप आणि माणसासारखी वागणूक मिळू दे. हे देणं ज्यांच्या हातात आहे त्यांना सद्बुद्धी दे, आणि ते मागताना आम्हाला एकजुटीनं उभं ठेव.