मेथी कोण निवडतं?

गेल्या चौदा महिन्यांत माझं वजन ८६ किलोंवरून ७४ वर आलं. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा अंदाज देणारी एचबीए१सी ही चाचणी ६.३ दाखवत होती, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. आता ती ५.६ दाखवते. उपाय जगावेगळा नव्हता. साखर, मैदा, फरसाण बंद. पोळ्या चारावरून दोन. उरलेल्या ताटात पालेभाजी, फळभाजी, उसळ, कोशिंबीर. मधेच भूक लागली तर पेरू किंवा मूठभर दाणे. मटण महिन्यातून एकदा.

वजन उतरलं तसं कौतुक चढत गेलं. लग्नकार्यात लोक पाठीवर थाप मारून म्हणायचे, "मानलं बुवा! काय संयम आहे!" संयम हा शब्द मला फारच आवडला. मग मीही बोलू लागलो. एका लग्नात मावसभाऊ शेजारी जेवायला बसला होता. त्याचं पोट सुटलेलं, साखर वाढलेली. त्याने दुसऱ्यांदा जिलबी घेतली तेव्हा मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "शेवटी जिभेवर ताबा हवा." त्याने जिलबी ताटाच्या कडेला सरकवली आणि उठेपर्यंत तिला हात लावला नाही. तेव्हा मला तो माझा विजय वाटला. आज त्या प्रसंगाची लाज वाटते, आणि ती नेमकी कशाची, ते नीट तपासावं म्हणून हे लिहितो आहे.

प्रश्न असा : तब्येत सुधारणं ही चांगली गोष्ट आहे, यात वाद नाही. पण ती चांगुलपणाची खूण आहे का? आपल्याकडे या दोन गोष्टींची सरमिसळ फार जुनी आहे. न खाण्याला पुण्य चिकटलेलं आहे. काय खाता, या साध्या प्रश्नाआड अनेकदा जात विचारलेली असते. त्यामुळे हिरव्यागार ताटासमोर बसलेला माणूस नुसता जेवत नसतो, तो नकळत वरच्या पाटावर बसलेला असतो. मीही बसलो होतो.

पाटाखालची जमीन आधी हलली ती वाचनामुळे. २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक फोटो छापून आला होता. त्यात पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन शेजारी शेजारी उभे आहेत. उंचीच्या मानाने वजन मोजणारा बीएमआय दोघांचाही २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गर्भवतींचा अभ्यास केला. तिथली बाळं इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा पुष्कळ हलकी भरली, पण ती कमी स्नायूंत. चरबी त्या मानाने टिकून होती. ज्या बाया पालेभाज्या, फळं, दूध अधिक वेळा खात, त्यांची बाळं अंगाने बरी होती. पोटात असताना झालेली उपासमार पुढे मधुमेहाची वाट सोपी करते, अशी ही मांडणी आहे.

हे वाचताना मला मावसभाऊ आठवला. आम्ही दोघेही १९७३ चे. दुष्काळाचं साल. माझे वडील सरकारी नोकरीत, आई पुण्यात. मावशी गावाकडे, पोटुशी असताना दुष्काळी कामावर खडी फोडत होती. तिकडे मिळणारी सुकडी आणि रेशनचा मिलो, यावर तिचे ते दिवस गेले. माझा भाऊ त्यामुळेच लठ्ठ झाला, असं मी म्हणणार नाही. एका माणसाबद्दल तसं सिद्ध करता येत नाही. पण ज्या शर्यतीत मी त्याला हरवल्याची बढाई मारली, तिची सुरुवात आम्ही दोघं जन्मण्याआधीच झाली असावी, एवढं मला दिसलं.

उरलेला गर्व घरातच उतरला. आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशींनाही मधुमेह आहे. एकदा त्या मेथी निवडत होत्या आणि मी उपदेश करत होतो : "मावशी, तुम्हीही रोज पालेभाजी खात जा. भात कमी करा." त्यांनी मान वर न करता सांगितलं, "दादा, मेथी निवडायला वेळ कुठाय? तुमच्याकडची निवडते, तेवढीच."

त्यात टोमणा नव्हता. चार घरं करून त्या रात्री आठला घरी पोचतात आणि भात-आमटी टाकतात, कारण ती अर्ध्या तासात होते. राष्ट्रीय पोषण संस्था माणशी दिवसाला ४०० ग्रॅम भाजी सांगते. पण भाजी आणायची, निवडायची, धुवायची, चिरायची असते. माझ्या नव्या आहाराने मावशींचं काम रोज पाऊण तासाने वाढलं होतं. मी पगार वाढवला होता तीनशे रुपये, महिन्याला. माझा संयम म्हणजे आयत्या पिठावर ओढलेल्या रेघोट्या होत्या.

यावर एक आक्षेप मी स्वतःलाच घेतला. सगळं नशीब आणि परिस्थितीच असेल, तर प्रयत्नांना अर्थ काय? समोरचा वडापाव मीच नाकारला होता ना? हो, मीच नाकारला होता. ते कष्ट खरे होते. मला वाटतं, इथे जबाबदारी आणि श्रेय वेगवेगळं धरायला हवं. जबाबदारी पुढे पाहते : माझ्या हातात काय आहे आणि मी त्याचं काय करणार? श्रेय मागे पाहतं, आणि मागे पाहिलं की तिथे आई दिसते, वडिलांची नोकरी दिसते, मावशींचे हात दिसतात. जबाबदारी मी स्वतःपुरती पूर्ण घ्यावी. श्रेय घेताना मात्र वाटेकरी मोजावेत. आणि दुसऱ्याच्या ताटाकडे बघून निकाल देण्याचा अधिकार तर यातल्या कशातूनच मिळत नाही.

आता रात्री भाजी मी निवडतो. मेथीच्या दोन जुड्यांना मला चाळीस मिनिटं लागतात. मावशींचा पगार वाढलेल्या कामाच्या हिशेबाने वाढवला, मागच्या चौदा महिन्यांचा फरकही दिला. ते पैसे घेताना त्या म्हणाल्या, "आत्ता कसं काय सुचलं, दादा?" मला उत्तर देता आलं नाही. वाचलेल्या वेळात त्या स्वतःसाठी भाजी करतात की पाचवं घर धरतात, हे मी विचारलेलं नाही. विचारणारही नाही. मावसभावाकडे मात्र जायचं आहे, आणि तिथे जे पानात पडेल ते गुमान खायचं आहे.