भीत भीत पुढें आली



मार्ककृत शुभवर्तमानाच्या ५ व्या अध्यायांत, २५ व्या वचनापासून पुढें, एका रक्तस्रावी स्त्रीचा वृत्तांत आहे. तिच्या विश्वासाविषयीं आपण पुष्कळ प्रवचनें ऐकलीं असतील. आज मी तिच्या भीतीविषयीं लिहितों.

आजार बारा वर्षांचा. होतें नव्हतें तें सर्व वैद्यांच्या पायीं खर्चून झालें, आणि दुखणें उलट वाढलें. परंतु त्याहून मोठें दुःख निराळेंच होतें. लेवीयाच्या १५ व्या अध्यायांतील नियमाप्रमाणें अशी स्त्री अशुद्ध. ती ज्या अंथरुणावर निजे तें अशुद्ध, आणि त्यास जो शिवेल तोहि संध्याकाळपर्यंत अशुद्ध. बारा वर्षांत कोण्या शेजारणीनें आपलें मूल तिच्या मांडीवर दिलें असेल काय? मंदिरांतहि तिला जागा नव्हती. देव आणि माणसें, दोन्हीं एकदमच दुरावलीं. हें आपणांस कोणी समजावून द्यावयास नको. विटाळ या शब्दाचा अर्थ आपल्या वाडवडिलांनीं पुस्तकांत वाचला नाहीं, पाणवठ्यावर भोगला. महाडच्या चवदार तळ्याचें ओंजळभर पाणी घेण्याकरितां १९२७ सालीं हजारों लोकांना चालून जावें लागलें.

याईर हा सभास्थानाचा अधिकारी. तो समोरून आला व सर्वांदेखत प्रभूच्या पायां पडला. ही बाई मागून आली. दाटींत कोणी ओळखलें असतें तर काय गति झाली असती! म्हणून तिनें मनांत बेत केला, वस्त्राला शिवावें, बरें व्हावें आणि मुकाट्यानें घरीं जावें. तसें झालेंहि. ती तत्क्षणीं बरी झाली.

पण प्रभु थांबला. याईराची मुलगी मरणाच्या दारीं, एकेक क्षण मोलाचा, शिष्य म्हणत आहेत कीं एवढ्या रेटारेटींत कोण शिवलें हें काय विचारतां. तरी तो उभा राहून सभोंवार पाहत राहिला. सेमिनरींत शिकत असतां मला हें खरोखर रुचत नसे. लाजेनें लपलेल्या बाईला चारचौघांत कां ओढावें? खेड्यापाड्यांतून पुष्कळ वर्षें हिंडल्यावर थोडें उमगलें. ती तशीच घरीं गेली असती, तर शरीर बरें झालें असतें. पण गांवाच्या लेखीं ती विटाळशीच राहिली असती. आणि आपण हें चोरून आणलें, या धास्तीनें ज्यानें बरें केलें त्याच्याच दृष्टीस पडण्यास ती जन्मभर भ्याली असती. प्रभूला तिचा आजार तेवढा घालवावयाचा नव्हता. त्याला ती हवी होती.

ती पुढें आली ती भीत व कांपत आली, असें मार्क लिहितो. भीति आधीं गेली आणि मग ती आली, असें नाहीं. तिनें सर्व कांहीं खरें खरें सांगितलें, आणि त्यानें तिला 'मुली' म्हटलें. दुसऱ्या कोण्या एका स्त्रीला त्यानें असें म्हटल्याचें शुभवर्तमानांत आढळत नाहीं. स्वतःच्या बारा वर्षांच्या लेकीसाठीं व्याकूळ झालेल्या बापासमोर त्यानें बारा वर्षें कोणाचीच नसलेलीला लेक म्हटलें.

प्रचारक बंधूंनो, इतके दिवस कोठें होतीस, असें प्रभूनें तिला विचारलें नाहीं, एवढें लक्षांत असूं द्या.

माझ्या एका गांवीं एक गृहस्थ उपासनेच्या वेळीं देवळाबाहेर लिंबाखालीं उभा राहत असे. गीत संपलें कीं निघून जाई. विहिरीच्या पाळीवरून सख्ख्या भावाशीं तंटा झालेला, आणि भाऊ मंडळीचा पंच. यावयाचें असेल तेव्हां येईल, असें मी म्हणत असें. तो माझा आळस होता. एका रविवारीं मी उपदेश करीत असतां तेथले मास्तर हळूच उठून बाहेर गेले, लिंबाखालीं घोंगडी अंथरली व अर्धी मोकळी ठेवून बसले. बोलले कांहींच नाहींत. पुढच्या रविवारींहि तसेंच. तिसऱ्या रविवारीं दोघे बरोबर आंत आले. प्रभुभोजनाचा पेला घेतांना त्या गृहस्थाचा हात इतका कांपत होता कीं थोडा रस अंगरख्यावर सांडला. शेजारीं भाऊच होता. त्यानें पेल्याला खालून हात लावला.